सशाला फास कशाला?



पावसाळा लागला की आमच्या माकणीच्या शिवारात बांधावर रोपं लागतात, मेंदीचं कुंपण धरलं जातं. रात्री ससा येतो आणि कोवळा शेंडा सुरीने कापावा तसा तिरपा तोडतो. (शेळीने खाल्लेला शेंडा फाटलेला दिसतो, उगाच सशावर आळ नको.) मग गड्याला सांगितलं जातं, "फास लाव."

चातुर्मासात रात्री पाणीही न पिणाऱ्या घरांत हे चालतं, याचा मला राग येतो. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हींचा दोष आहेच. हात गड्याचा, हिंसा आपली. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा गुन्हा आहे.

आणि गरज तरी काय? आपला रानससा बीळ करत नाही, म्हणून जाळी खोल पुरायला नको. बारीक कोंबडीजाळी, २ फूट उंच, खोडापासून वीतभर दूर, खालची कड मातीत दाबलेली, एवढं पुरतं. मेंदीच्या ओळीला वाळलेल्या बाभळीच्या काट्या दाट लावा; बुडाशी फट राहिली की ससा तिथूनच शिरतो. उन्हाळ्यात हिरवं संपलं की तो सालही कुरतडतो, तेव्हा पाऊस संपताच जाळी काढू नका.

जाळीला पैसे लागतात, खरंय. एका पारण्याच्या जेवणावळीत त्याहून जास्त जातात.