आकडा तोच, माल वेगळा
खरेदीआधी / फणसवाडीकर

ग्राफिक कार्ड घ्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाला एवढं व्याकरण पाठ असतं: पहिले दोन आकडे पिढीचे, पुढचे दोन पायरीचे. ‘आरटीएक्स ४०६०’ म्हणजे चाळिसावी मालिका, त्यातली साठची पायरी. मागे ‘टीआय’ किंवा ‘सुपर’ लागलं की अर्धी पायरी वर. नियम सोपा आहे, आणि ज्या एन्व्हिडियाने तो रुजवला तिनेच तो सगळ्यात जास्त वेळा मोडला आहे.

आमच्या फणसवाडीतून ठाकूरद्वार, प्रार्थना समाज करत ऑपेरा हाऊस गाठलं की पुढे हा बाजार सुरू होतो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. एके काळी जिथे रेडिओचे सुटे भाग आणि कंडेन्सर मिळायचे, तिथे आता ड्रॅगन आणि तलवारी छापलेले खोके रचलेले असतात. दिवाळीच्या तोंडावर वाडीतली मुलं व्हॉट्सॲपवर आलेली कोटेशनं दाखवायला येतात. “काका, तिन्ही दुकानांनी कार्ड एकच लिहिलंय, मग भावात एवढा फरक कसा?” बहुतेक वेळा उत्तर असं असतं की कार्ड एकच नाही.

जीटी १०३० घ्या. स्वस्तातलं, जुन्या पीसीत बसणारं कार्ड. २०१७ साली ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दुसरं आलं, साध्या डीडीआर४ मेमरीचं. दोन्हींत मेमरी २ जीबी, दोन्हींच्या खोक्यावर तोच मोठा आकडा. पण पहिल्यात मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी माहिती ये-जा करू शकते, दुसऱ्यात १६.८. गेम चालवून पाहिला तर दुसरं कार्ड पहिल्याच्या जवळपास निम्म्यावर येतं. ज्याला बजेटमुळे याच पायरीवर थांबावं लागतं, त्याच्याच वाट्याला ही गंमत यावी याची मला जास्त चीड येते. महागडं कार्ड घेणारा दहा व्हिडिओ बघून येतो; १०३० घेणारा मुलाच्या वाढदिवसाला ‘काहीतरी ग्राफिक कार्ड’ म्हणून घेतो.

आरटीएक्स ३०५० चंही तेच. २०२२ मधलं ८ जीबीचं आणि २०२४ मधलं ६ जीबीचं. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन जीबी कमी, बाकी सगळं सारखं. प्रत्यक्षात ८ जीबीवाल्यात २५६० कोअर, ६ जीबीवाल्यात २३०४. मेमरीचा रस्ता १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आलेला. वीज १३० वॉटवरून ७० वॉटवर. ७० वॉट ही खरं तर चांगली गोष्ट आहे. वेगळी पॉवर केबल न लावता, साध्या एसएमपीएसवर हे कार्ड चालू शकतं, आणि ऑफिसातून निवृत्त झालेल्या पीसीला असंच कार्ड हवं असतं. मग त्याला स्वतःचं नाव द्यायला काय हरकत होती? हरकत एवढीच की ३०५० हे नाव लोकांना ठाऊक होतं.

ही चाल एकदाच उघडपणे अंगाशी आली. सप्टेंबर २०२२ मध्ये एन्व्हिडियाने दोन ‘आरटीएक्स ४०८०’ जाहीर केली, १६ जीबी आणि १२ जीबी. पहिल्यात ९७२८ कोअर, दुसऱ्यात ७६८०, आतली चिपसुद्धा वेगळी. जगभर एवढी ओरड झाली की महिन्याभरात, कार्ड दुकानात पोचण्याआधीच, कंपनीने १२ जीबीवालं मागे घेतलं आणि नाव बरोबर दिलं नव्हतं असं मान्य केलं. तेच कार्ड जानेवारी २०२३ मध्ये ‘४०७० टीआय’ म्हणून आलं, आणि किंमत ८९९ डॉलरवरून ७९९ वर उतरली. नाव बदललं तर शंभर डॉलर कमी झाले. आकड्याचे पैसे वेगळे लागतात, याचा याहून स्पष्ट हिशेब मला दुसरीकडे मिळालेला नाही.

जुने लोक म्हणतील, यात नवं काय? नाहीच. २००७ चं ‘८८०० जीटी’ आठवतंय? त्याच घराण्यातली चिप २००८ मध्ये ‘९८०० जीटीएक्स’ आणि २००९ मध्ये ‘जीटीएस २५०’ या नावाने विकली गेली. २०१९ मध्ये विसाव्या मालिकेनंतर सोळावी आली. एएमडीची तऱ्हा निराळी: ७००० नंतर ८००० हा आकडा सुट्या कार्डांना दिलाच नाही, २०२५ मध्ये थेट ९०७० आणलं, आणि पायरीचा आकडाही प्रतिस्पर्ध्याशी जुळेल असा ठेवला. इंटेल उशिरा आली, पण ए ७७० नंतर बी ५८० असं मुळाक्षरांच्या क्रमाने चालते आहे. अजून तरी.

हे सगळं गोंधळाचं आहे, पण त्यातलं बरंचसं मी माफ करतो. फणसवाडीत कोणी फणस शोधत येत नाही. नावाने अर्थ सांगावाच असा काही कायदा नाही. पिढ्या उलटसुलट लावल्या तर पाच मिनिटं शोधून कळतं. माझी तक्रार एका नावाखाली दोन माल विकण्याबद्दल आहे, कारण तिथे शोधणाऱ्यालाही चुकीचं उत्तर मिळतं. तो ३०५० चा रिव्ह्यू बघतो, तो असतो ८ जीबीचा, आणि घरी येतं ६ जीबीचं.

लॅपटॉपच्या बाबतीत तर हे रोजचंच आहे. इंजिनिअरिंगचे प्रवेश झाले की आईवडील ‘४०६० वाला’ लॅपटॉप विचारत फिरतात. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा लॅपटॉप बनवणाऱ्याला असते, आणि वेग त्याप्रमाणे बदलतो. वरच्या टोकाला फसगत मोठी: डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६३८४ कोअर आणि २४ जीबी, लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९७२८ कोअर आणि १६ जीबी. वाचकाला हा ९७२८ आकडा ओळखीचा वाटला असेल. वर आला तो, डेस्कटॉपच्या ४०८० चा.

तेव्हा काउंटरवर नाव सांगून गप्प बसू नका. मेमरी किती आणि कोणत्या जातीची, बस, म्हणजे तो मेमरीचा रस्ता, किती बिटांची, वीज किती वॉट, हे विचारा. बिलावर नुसतं ‘३०५०’ नको, खोक्याच्या कडेला बारकोडजवळ असलेला लांबलचक पार्ट नंबर लिहून घ्या. दुकानात उभं राहूनच तो फोनवर टाकला की कंपनीच्या पानावर सगळे तपशील उघडतात. ‘गेमिंग’, ‘ईगल’, ‘व्हेंटस’ हे शब्द पंख्यांचे आणि पत्र्याचे आहेत, चिपचे नाहीत. सेकंड हँड घेत असाल तर दुकानदाराला कार्ड लावून ‘जीपीयू-झेड’ हा फुकट प्रोग्रॅम चालवायला सांगा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं तो बऱ्याचदा पकडतो. दुकानदार कटकट करेल. करू दे.

पण प्रत्येक गिऱ्हाइकाने तंत्रज्ञ व्हावं ही अपेक्षा मला पटत नाही. फ्रिज घेताना आपण कंप्रेसरचा अभ्यास करत नाही. दारावरच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर तारे, वर्षाला लागणारी युनिटं आणि ते लेबल कोणत्या काळासाठी आहे, हे छापलेलं असतं. कार्डाच्या खोक्यावर आपल्याकडे काय सक्तीचं आहे? वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी, ग्राहक सेवेचा संपर्क. नगसंख्या एक. आतल्या कार्डात मेमरी कोणती, कोअर किती, हे त्यात नाही. सक्तीचे तपशील देणारा स्टिकर आयात मालावर नंतर चिकटवलेला असतो, बहुतेकदा कंपनीच्या ड्रॅगनच्या शेपटीवर तिरका. त्याच स्टिकरवर मेमरीची जात, बस, कोअर आणि वॉट अशा चार ओळी वाढवायला कागदसुद्धा जास्त लागणार नाही. नियमात ही दुरुस्ती मागायचं काम मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेने हाती घ्यावं, आणि सुरुवात १०३० पासून करावी.