दुकानदाराची वही आणि दुकानाचे कार्ड

दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला पूर्वी एकच प्रश्न विचारीत : "काय दाखवू?" आता आणखी एक प्रश्न आला आहे आणि तो पैसे देण्याच्या वेळी विचारतात : "आमचे कार्ड आहे का?" नाही म्हटले, की लगेच पुढचे वाक्य तयार असते. "मग काढून टाका ना! दहा मिनिटांचे काम. आजच्याच बिलावर दहा टक्के सूट." पहिल्या प्रश्नाने दुकान आपला माल विकते. दुसऱ्या प्रश्नाने ते काय विकते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते कर्ज विकते. आणि हे कर्ज घेऊ नये, निदान तिथल्या तिथे उभ्या उभ्या घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सणाच्या अंकात कर्जाची गोष्ट काढणे कित्येकांना अशुभ वाटेल. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडचे व्यापारी वहीचीच पूजा करतात ना? आणि वही म्हणजे तरी काय? कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे, हेच त्यात लिहिलेले असते. तेव्हा विषय दिवाळीचाच आहे.

हे सारे सुचायला एक प्रसंग घडला. गेल्या दिवाळीत आम्ही पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात खरेदीला गेलो होतो. मुलांचे कपडे, घरात एक धुलाईयंत्र, असे करता करता बिल वीस हजारांवर गेले. पैसे घेणाऱ्या मुलीने मान वर केली आणि म्हणाली, "सर, ओळखलंत का?" सातवीला माझ्या वर्गात होती. मला आनंद झाला. तिने बिल केले आणि एक छापील अर्ज पुढे सरकवला. "सर, आमचं कार्ड घ्या. दोन हजार आत्ताच कमी होतील."

मी घुटमळलो. तशी ती हळूच म्हणाली, "रोज दहा अर्ज भरून घ्यावे लागतात, सर. आज चारच झालेत."

"अहो, भरा ना," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. "पोरीचं काम होईल, आपलेही दोन हजार वाचतील."

मी विचारले, "व्याज काय आहे ग?"

"व्याज लागतच नाही, सर. पन्नास दिवसांच्या आत भरलं की झालं."

"आणि नाही भरलं तर?"

तिने अर्ज उलटसुलट करून पाहिला. तिला ते माहीत नव्हते. तिला कोणी सांगितलेच नव्हते. जिला मी सरळव्याजाची आणि चक्रवाढव्याजाची उदाहरणे फळ्यावर घालून दिली, तिच्याच हातून ज्याचा दर तिला ठाऊक नाही असे कर्ज विकले जात होते. मी अर्ज परत केला. "बरं सर," एवढेच ती म्हणाली आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळली. घरी येईपर्यंत सौभाग्यवती बोलल्या नाहीत. त्यांच्या मते मी दोन हजार घालवले आणि वर एका गरीब पोरीला विन्मुख केले. त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. ते येथे देतो.

आधी गणित करू. कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज हा या धंद्यातला नेहमीचा भाव आहे. आपण साडेतीन धरू. म्हणजे वर्षाला बेचाळीस. समजा, वीस हजार रुपये थकले. पहिल्या महिन्याचे व्याज ७०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १२६ रुपये. बाकी झाली २०,८२६. आता बिलावर एक मोठी दिलासा देणारी ओळ असते : 'किमान देय रक्कम'. ती बाकीच्या पाच टक्के असली, तर १,०४१ रुपये होते. गृहस्थ ती भरतो आणि निर्धास्त झोपतो. पण मुद्दलातले फिटले किती? अवघे २१५ रुपये!

असेच तो वर्षभर किमान रक्कम भरत गेला आणि त्या कार्डावर त्याने एक रुमालसुद्धा नवा घेतला नाही, तरी वर्षाअखेर त्याने भरलेले असतील सुमारे ११,७८० रुपये. आणि देणे उरलेले असेल सुमारे १७,५६० रुपये. पुढची दिवाळी दारात उभी असते आणि मागच्या दिवाळीचे कपडे मुलांना आखूड झालेले असतात. ज्या दोन हजारांच्या सुटीसाठी हा खटाटोप केला, ते तर तिसऱ्या महिन्याच्या व्याजातच संपलेले असतात. नुसती किमान रक्कम भरली तर कर्ज महिनोन् महिने, वर्षानुवर्षे लांबते, असा इशारा बिलावर छापणे रिझर्व्ह बँकेने बँकांना भाग पाडले आहे. पण तो इशारा कार्ड घेतल्यानंतरच्या बिलावर येतो. अर्ज भरताना समोर असतो तो सुटीचा आकडा.

दुसरी मेख अशी, की ती पन्नास दिवसांची सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यापुरतीच असते. थोडीशी बाकी ठेवली, तरी व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात. आणि ती बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलत उरत नाही. 'बिनव्याजी हप्त्यां'चीही तीच तऱ्हा. शून्य टक्के व्याज अशी वस्तूच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवले जाते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरात बँकांना स्पष्ट शब्दांत सुनावले होते.

आता या दराची तुलना कोणाशी करावी? सावकाराशीच करू. आपल्या राज्यात सावकारी नियमनाचा कायदा २०१४ साली आला. परवानाधारक सावकाराने विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांहून अधिक घेऊ नये, अशी मर्यादा सरकारने त्याच वर्षी घातली. त्याहीपूर्वी आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता : एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागता यायचे नाही. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो नियम मानीत. बँकांना मात्र हे सावकारीचे कायदे लागू नाहीत. कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. तोही २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. व्याजदरावर नियंत्रण ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे काम आहे, ग्राहक आयोगाचे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्य. पण त्याचा व्यवहारातला अर्थ सामान्य माणसाने नीट समजून घ्यावा. तालुक्याच्या सावकाराला जे व्याज घेतल्याबद्दल सरकार जाब विचारील, त्याच्या दुपटीहून अधिक व्याज झगझगीत दुकानात, गाणे लावून, हसतमुखाने घेता येते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चालून जाऊन त्यांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्याचे समर्थन करण्यासाठी मी ही आठवण काढत नाही. पण त्या शेतकऱ्यांना निदान रोखा कोणाच्या घरात आहे, हे ठाऊक होते. दुकानाच्या कार्डावर दुकानाचे नाव ठळक असते. पैसे मात्र बँक देते आणि व्याजही तीच घेते. तक्रार घेऊन दुकानात जा, "ते बँकेचे काम," म्हणतात. बँकेला फोन करा, यंत्र म्हणते, "एक दाबा, दोन दाबा."

येथे कोणी म्हणेल, की गुरुजींना वाण्याच्या जुन्या उधारीचा पुळका आला आहे. तसे नाही. ती वही मी पाहिली आहे. आमच्या घरचे खाते पेठेतल्या दुकानात होते. महिनाअखेरीला आईने पिशवी पुढे केली, की दुकानदार चारचौघांत म्हणे, "वहिनी, मागचं थोडं भागवा, मग डाळ नेऊ." आईचा चेहरा मला अजून आठवतो. वहीत काय लिहिले, हे आम्हांला दिसत नसे. आणि कोणाला उधार द्यायचे, कोणाला नाही, हे कित्येकदा जात पाहून ठरे, हेही लपवण्यात अर्थ नाही. कार्ड चारचौघांत अपमान करीत नाही, हा त्याचा गुण मी मान्य करतो.

पण एका गोष्टीत ती वही प्रामाणिक होती. दुकानदाराला आपली उधारी वसूल व्हावी असे वाटे. म्हणून तो वेळीच थांबवीत असे. त्याचे 'डाळ मग नेऊ' हे शब्द कडू होते, पण त्यांनी आमचे कर्ज डाळीपाशीच थांबले. कार्डवाल्याला मात्र उधारी रेंगाळावी असे वाटते, कारण त्याची मोठी कमाई त्या रेंगाळण्यातच आहे. अमेरिकेत या धंद्यातले लोक दरमहा पूर्ण बिल भरणाऱ्या ग्राहकाला थट्टेने 'बुडव्या' म्हणतात! जो धंदा वेळेवर पैसे देणाऱ्याला बुडव्या समजतो, तो तुम्हांला कोठे थांबवणार? तो तुमची मर्यादा वाढवून देतो आणि वर अभिनंदनाचा संदेश पाठवतो.

आक्षेप दोन आहेत. पहिला : "आम्ही दरमहा पूर्ण बिल भरतो." मग आपले चालू द्या, आपल्याला फायदाच आहे. माझे म्हणणे एवढेच, की तसा मनुष्य स्वतः बँकेत जाईल, चार कार्डांचे नियम वाचील, वर्षाचे शुल्क विचारील आणि मग एक घेईल. हातात पिशव्या आणि मागे रांग असताना तो हा निर्णय करणार नाही. दुसरा आक्षेप : "कार्डाने पत वाढते, पुढे घरासाठी कर्ज मिळायला बरे पडते." वेळेवर भरले तर वाढते, हे खरे. पण चुकले तर तीच नोंद घराच्या कर्जाच्या वेळी आडवी येते. ज्याच्या पगारातून महिनाअखेर काही उरत नाही, त्याने पत वाढवण्यासाठी कर्ज काढणे म्हणजे पोहणे शिकण्यासाठी पुरात उतरणे होय.

मग सण कसा करावा? आपल्याकडे उपाय नाहीत असे नाही. सरकारी नोकरांना बिनव्याजी सणअग्रिम मिळते आणि ते पगारातून समान हप्त्यांत कापले जाते. कित्येक ठिकाणी नोकरदारांच्या, शिक्षकांच्या सहकारी पतसंस्था आहेत. तेथे निदान दर विचारता येतो आणि सभेत भांडताही येते. बायकांची भिशी आहे, मात्र ओळखीतली असावी. आणि सर्वांत जुना उपाय म्हणजे, धुलाईयंत्र यंदा घ्यायचे की पुढच्या वर्षी, हा प्रश्न घरी जेवताना सोडवायचा. आमचे यंत्र आम्ही त्या दिवशी घेतले नाही. फाल्गुनात घेतले, रोखीने. चार महिने घरात या विषयावर जे ऐकून घ्यावे लागले, तेवढे व्याज मी भरले.

ज्यांनी कार्ड आधीच घेतले आहे, त्यांनी १ जुलै २०२२ पासूनचे दोन नियम ध्यानात ठेवावेत. न मागता कोणी कार्ड पाठवू शकत नाही. आणि सारी बाकी फेडून कार्ड बंद करायला सांगितले, तर सात कामकाजी दिवसांत ते बंद करणे बँकेवर बंधनकारक आहे. विलंबाला दिवसागणिक ५०० रुपये दंड आहे आणि तो ग्राहकाला मिळतो.

राहता राहिली ती मुलगी. तिच्या दहा अर्जांचा भार माझ्या नकाराने हलका झाला नाही, हे मला टोचते. पण तो भार तिच्यावर घालणारा मी नव्हे. तिचा पगार गिऱ्हाइकांच्या कर्जाला बांधून ठेवणाऱ्याने त्याचे उत्तर द्यावे. गिऱ्हाइकाच्या अंगी ओळख, भीड आणि दया असते, हे त्याला पक्के माहीत आहे. आणि म्हणूनच त्याने तेथे यंत्र न ठेवता एक गरजू पोर बसवली आहे. यंदा पुण्याला गेलो तर मी त्याच दुकानात जाईन. ती भेटली तर वीस हजारांचे हे उदाहरण तिला एका कागदावर सोडवून देईन. शिकवताना राहून गेले होते.