संगणकाचे तीस टक्के

पंतप्रधान पीकविमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांचे उत्पादन ठरविताना तंत्रज्ञानाने काढलेल्या आकड्याला किमान ३० टक्के वजन देण्यात आले. २०२४ च्या खरिपात सोयाबीनची भर पडली. उपग्रहाची चित्रे आणि पीकवाढीची संगणकीय प्रतिमाने यांच्या आधारे हा आकडा काढतात. तो धरून येणारे उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या वर राहिले की भरपाई नाही. शेतकऱ्याच्या पदरात काय पडावे, यात संगणकाला मताधिकार मिळाला आहे.

या शास्त्राशी कोणाचे वैर असण्याचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये सी. टी. डी विट यांनी १९६५ साली पिकाच्या पर्णसंभारातील प्रकाशसंश्लेषणाचे गणित मांडले. त्यांच्याच परंपरेने पुढे उत्पादनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या: ऊन व तापमान यांनी ठरणारे संभाव्य उत्पादन, पाणी व नत्र यांच्या तुटीने घटलेले, आणि तण, कीड, रोग यांनी खाऊन उरलेले प्रत्यक्ष उत्पादन. पहिल्या दोन पायऱ्यांवर प्रतिमाने घट्ट उभी आहेत. तिसरीवर त्यांचे पाय लटपटतात. २०२३ साली विदर्भात सोयाबीन बुडाले ते याच पायरीवर, पिवळ्या मोझॅकने. पिवळे पान उपग्रहाला दिसते, हे खरे. पण पक्व होतानाही सोयाबीन पिवळे पडतेच. ते रोगाने पिवळे की वयाने, हे बांधावर उभ्या असलेल्या माणसाला कळते.

पीककापणी प्रयोगाची नमुना पद्धत पां. वा. सुखात्मे व वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात देशात रुजविली. तीत लबाडी होत नाही असे नव्हे. प्रयोग कागदावरच उरकल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. तरी मोजलेला तुकडा आणि तराजू गावासमोर असतो, तलाठ्याशी भांडता येते. विमा कंपन्यांनाही या प्रयोगांवर आक्षेप घेण्याची मुभा आहे, आणि त्या ती वापरतात. प्रतिमानावर आक्षेप शेतकऱ्याने कोणाकडे न्यावा?

डीएसएसएटीसारख्या प्रतिमानाची आज्ञावली आज खुली आहे. मग तिला भरविलेले आकडे खुले का नसावेत? एकाच शिवारात काळी कसदार जमीन असते आणि मुरमाड बरडही. माती कोणती धरली, पेरणीची तारीख कोणती, पाऊस कोणत्या पर्जन्यमापकाचा, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजे. पुढच्या कापणीची वाट न पाहता कार्यकर्त्यांनी हे तीन प्रश्न तहसीलदाराकडे लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी.