शोधायची मजुरी

इंजिन ऑइलच्या गळतीत सगळ्यात अवघड काम पार्ट बदलण्याचं नसतं. तेल नेमकं कुठून येतंय हे शोधण्याचं असतं. आणि आपण गिऱ्हाईक म्हणून नेमके त्याचेच पैसे द्यायला तयार नसतो. गावोगावी विनाकारण गिअरबॉक्स उतरवले जातात, त्याचा दोष आपण मेकॅनिकच्या माथी मारतो. माझ्या मते त्यातला निम्मा तरी आपला आहे.

तेल वरून खाली ओघळतं, आणि गाडी पळताना खालून लागणारा वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असं नाही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागच्या कोपऱ्यात गेलं, तर तेल ब्लॉकवरून उतरून थेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर येतं. खालून बघणाऱ्याला वाटतं, मागचं क्रँक सील गेलं. पहिल्या दुरुस्तीला वरचे चार-सहा बोल्ट खोलावे लागतात, दुसरीला अख्खा गिअरबॉक्स.

आमच्या काकांच्या डिझेल पिकअपचं हेच झालं. घोडेगावच्या कांदा मार्केटला माल नेणारी गाडी, एक दिवस उभी राहिली तर भाडं गेलं. एका मोठ्या वर्कशॉपनं उभ्या उभ्या निदान केलं: क्रँक सील, 18,000 रुपये. काका तयारही झाले होते. मग हायवेलगतच्या एका म्हाताऱ्या फिटरनं इंजिन डिझेलनं धुतलं, हवा मारून कोरडं केलं, सांध्यांवर टाल्कम पावडर उडवली आणि अर्धा तास गाडी चालवून आणली. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटली, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून. पॅकिंग वाळून कडक झालं होतं. शिवाय ब्रीदरचा पाइप काजळीनं तुंबलेला. तो तुंबला की इंजिनच्या आतला दाब वाढतो आणि तेल सगळ्यात कमजोर पॅकिंगमधून वाट काढतं. ब्रीदर साफ न करता नुसतं पॅकिंग टाकलं असतं, तर तेही फार टिकलं नसतं.

पॅकिंगचे 450, मजुरी 700. आणि काका मजुरीवर घासाघीस करायला लागले! “बाबा, तू केलं काय? धुतली अन् पावडर टाकली.” हाच माणूस 18,000 मात्र मुकाट्यानं मोजणार होता, कारण तिथं हातात दिसेल असं सील मिळणार होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. तीन दिवस लॉग वाचून कधी कधी मी एक ओळ बदलतो. कंपनी मला तीन दिवसांचा पगार देते. फिटरनं तेच केलं तर ते ‘नुसतं बघणं’ कसं होतं? शोधण्याला शून्य भाव असेल, तर पोट भरायला तो पार्टच बदलणार.

कुणी म्हणेल, असे पैसे देऊ लागलो तर मुद्दाम वेळ काढतील. मग पुरावा मागा. “धुऊन बघितलं का? रेघ दाखवा, मोबाइलवर फोटो काढू द्या.” दाखवता येत नसेल तर इंजिनला हात लावू देऊ नका.

गळती थांबवणाऱ्या बाटल्यांचं तर नावच नको. त्यातलं रसायन रबर थोडं फुगवतं, चिरलेलं पॅकिंग काही जोडत नाही. (शनिवारी शिंगणापूर फाट्यावर तेल विकत घेणाऱ्यांची श्रद्धा तरी प्रामाणिक असते.) बोल्ट आणखी आवळणं हाही उपाय नव्हे, त्यानं पॅकिंग चेंगरून बाहेर येतं. आणि सिलिकॉन थापू देऊ नका, आत सुटलेला तुकडा तेलाच्या जाळीत अडकू शकतो.

तोवर दर आठवड्याला डिपस्टिक बघा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तेलाची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. चालत्या गाडीत तो लागला की इंजिन तिथंच बंद करायचं, पुढचं गाव गाठायचं नाही.

कधी कधी मागचं क्रँक सील खरंच गेलेलं असतं. रेघ तिथूनच निघताना दिसली, तर घासाघीस न करता गिअरबॉक्स उतरवू द्या, आणि क्लच झिजला असेल तर त्याच वेळी बदलून घ्या.