घराची माहिती एकाच्याच डोक्यात नको

आयर्लंडच्या पोर्टलीशमधल्या आपल्या बहुतेक घरांत बॉयलर, पाणी, वीज या सगळ्याचं ज्ञान एकाच माणसाकडे असतं. टायमर कसा लावायचा, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, मागच्या वेळी सर्व्हिसिंगला कोण आलं होतं, हे त्यालाच ठाऊक. आणि नेमका तोच सकाळच्या गाडीने डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनला गेलेला असतो. माझं म्हणणं असं, की ही माहिती वहीत उतरवायला हवी, आणि ती वही ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याच्यासाठी लिहायला हवी.

आपल्याला ही सवय नाही, त्याला कारण आहे. महाराष्ट्रात फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं हे काम सोसायटी करते. पंपाची दुरुस्ती, टाकीची सफाई, लिफ्टचा करार, सगळं सेक्रेटरीच्या फायलीत; कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, हे वॉचमनला तोंडपाठ. इथे अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांसाठी २०११च्या कायद्याने मॅनेजमेंट कंपनी आणि सिंकिंग फंडाची सोय केली. पण आपल्यातल्या अनेकांनी सेमी-डिटॅच्ड घरं घेतली आहेत. तिथे विचारायचं कोणाला?

माझ्या ओळखीच्या एका घरी मुलाची आई साताऱ्याहून आली होती. दुपारी ती एकटीच असताना ॲटिकमधल्या टाकीचा फ्लोट अडकला आणि बाथरूमच्या छतातून पाणी गळू लागलं. मुलाचा फोन मीटिंगमुळे बंद. माउलीने बादल्या लावल्या, टॉवेल अंथरले आणि शेवटी शेजारणीचं दार वाजवलं. शेजारणीने स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं कपाट उघडलं, फिनेलच्या बाटल्या बाजूला सारल्या आणि मागचा कॉक फिरवून बंद केला. तिच्या घराचा आराखडा हुबेहूब तसाच, म्हणून तिला ठाऊक. त्या आजींना समज कमी नव्हती. आयुष्यभर त्यांनी घर चालवलं होतं. त्यांना फक्त कोणी काही दाखवलं नव्हतं.

म्हणून वहीचं पहिलं पान मराठीत, ठळक अक्षरांत असावं. मुख्य कॉक कुठे, तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की बंद होतो, तोही अडकला तर बाहेर हद्दीजवळ झाकणाखाली दुसरा आहे. फ्यूज बोर्ड कुठे, गॅस किंवा तेल कुठे बंद करायचं. आणि सर्वांत वर एअरकोड. २०१५पासून प्रत्येक घराला सात अक्षरांचा स्वतःचा कोड आहे, आपल्याकडे तो आर ३२ने सुरू होतो. ११२ला फोन केल्यावर वसाहतीचं आयरिश नाव आजींना नीट उच्चारता येणार नाही, पण सात अक्षरं वाचून दाखवता येतील.

‘सगळं ईमेलमध्ये आहे की!’ असं हमखास ऐकायला मिळतं. ईमेलमध्ये बिलं असतात. घरात रोज काय घडतं, ते नसतं. बॉयलरच्या दाबाचंच घ्या. सील्ड सिस्टीम थंड असताना काटा साधारण एक ते दीड बारवर असतो. तो खाली गेला, की आपण कॉक उघडून पाणी भरतो आणि विसरून जातो. असं एकदा घडलं तर काळजीचं कारण नाही. पण प्रत्येक वेळी तारीख लिहिली आणि दर महिन्याला पाणी भरावं लागतंय असं दिसलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा एक्सपान्शन व्हेसल बिघडलं आहे. हे कोणाच्याही आठवणीतून कळत नाही, तारखा एकाखाली एक दिसल्या की कळतं. टेक्निशियनला ते पान दाखवलं तर तो नेमकं तिथेच बघेल. म्हणून या नोंदी इंग्रजीत ठेवाव्यात. हॉट प्रेसमधल्या, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटातल्या, इमर्शन हीटरचंही तसंच. या चुनखडीच्या प्रदेशात पाणी जड, त्यामुळे एलिमेंटवर क्षार बसतात. मागचा एलिमेंट किती टिकला, हे लिहिलेलं असेल तर पुढचा अंदाज येतो.

बाहेरच्या भिंतीलगत टोपण लावलेला एक पाइप पाहिला आहे का? १९९८च्या जुलैपासून नव्या घरांना राखीव रेडॉन संपची (जमिनीतून येणारा किरणोत्सर्गी रेडॉन वायू बाहेर काढण्याच्या खड्ड्याची) सोय सक्तीची झाली, त्याचाच तो असू शकतो. रेडॉनची चाचणी सोपी आहे: दोन छोटे डिटेक्टर, एक बेडरूममध्ये, एक बैठकीच्या खोलीत, तीन महिने ठेवायचे. आकडा दर घनमीटरला २०० बेकरेलच्या वर आला तर त्या संपला पंखा जोडता येतो. तो पाइप कशाचा हे न कळल्याने कोणी त्यावर पॅटिओ घातला, तर ही सोय गाडली जाते. वहीत एक ओळ असेल, तर हे टळतं.

डिसेंबरात आपण पाच-सहा आठवडे पुण्या-नागपूरला जातो, त्यासाठी वेगळं पान हवं. २०१०च्या नाताळच्या दिवशी मेयोतल्या स्ट्रेडला तापमान उणे १७.५ अंशांवर गेलं होतं. त्या हिवाळ्यात देशभर पाइप फुटले. घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं, तर अनेक विमा पॉलिसींत संरक्षण आटतं. आपल्या पॉलिसीत किती दिवस दिले आहेत आणि किल्ली कोणाकडे आहे, हे निघण्याआधी लिहून ठेवावं.

घर विकताना तर कागद लागतातच. बीईआर, म्हणजे घराच्या ऊर्जा-मानांकनाचा दाखला, दहा वर्षं चालतो. गॅस आणि वायरिंगच्या कामाची प्रमाणपत्रं, मागे वाढवलेल्या खोलीचा दाखला, हे सॉलिसिटर मागणारच. त्या वेळी शोधाशोध करण्यापेक्षा आजच एका फायलीत लावावेत.

वही पुरी झाली की एका रविवारी ती घरातल्या सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसाच्या हातात द्या आणि स्वतः गप्प बसा. त्याने मुख्य कॉक बंद करून पुन्हा सुरू करावा, पडलेला स्विच वर करावा, गरम पाण्याचा टायमर लावावा. जिथे तो अडेल, ते पान त्याच्याकडूनच, त्याच्या शब्दांत नव्याने लिहून घ्या.