कमला हॅरिस यांचा जोडीदार कोण? राज्य आणणारा की गावातली तूट कमी करणारा?

अमेरिकेत ५ नोव्हेंबर २०२४ ला अध्यक्षपदासाठी मतदान होतं. ज्यो बायडेन यांनी २१ जुलैला माघार घेतली आणि डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे आली. मग त्यांच्यासोबत उपाध्यक्षपदाला कोण, यावर तर्क सुरू झाले. मंगळवारी (६ ऑगस्ट) फिलाडेल्फियाच्या सभेत ही जोडी लोकांसमोर येणार होती.

ग्रामपंचायतीचं पॅनेल करताना उमेदवार एका भावकीचा असला की दुसरा वाडीवरचा घेतात. तिथलाही हिशोब असाच आहे. हॅरिस कॅलिफोर्नियाच्या, शहरी, पूर्वीच्या सरकारी वकील. म्हणून दुसऱ्या भागातला, दुसऱ्या वळणाचा माणूस शोधला जात होता.

सगळ्यात पुढे नाव होतं पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शापिरो यांचं. गव्हर्नर तिथे लोकांतून निवडून येतो, म्हणजे आपल्याकडचा मुख्यमंत्रीच म्हणा. अमेरिकेत ५३८ पैकी २७० प्रतिनिधी मतं मिळवणारा जिंकतो. बहुतेक राज्यांत ज्याला जास्त मतं, त्यालाच त्या राज्याची सगळी प्रतिनिधी मतं जातात. पेनसिल्व्हेनियाकडे अशी १९ आहेत आणि शापिरो २०२२ मध्ये तिथे जवळपास १५ टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. पण गाझा प्रश्नावरची त्यांची भूमिका पक्षातल्या तरुणांना खटकत होती. शेजारच्याच भागातल्या मिशिगनमध्ये अरब वंशाचे मतदार बरेच आहेत. तिथे १५ मतं आहेत. म्हणजे एका हाताने कमवायचं आणि दुसऱ्याने घालवायचं, अशी गत होऊ शकली असती.

ॲरिझोनाचे सिनेटर मार्क केली माजी अंतराळवीर. राज्य ११ मतांचं. पण सिनेटमध्ये तेव्हा पक्षाचं बहुमत काठावरचं होतं, आणि केली गेले असते तर ती जागा पुन्हा लढवावी लागली असती. केंटकीचे अँडी बेशिअर विरोधकांच्या बालेकिल्ल्यात दोनदा गव्हर्नर झाले, तरी तिथे अध्यक्षपदाला मतं ट्रम्पनाच पडतात.

पण जोडीदार आपलं राज्य खरंच आणतो का? १९६० मध्ये केनेडींनी लिंडन जॉन्सन घेतले आणि टेक्सास जिंकलं, हे उदाहरण सगळे देतात. त्यानंतर मात्र २००४ मध्ये केरींनी नॉर्थ कॅरोलिनाचे एडवर्ड्स घेतले, नॉर्थ कॅरोलिना गेलं. २०१२ मध्ये रॉम्नींनी विस्कॉन्सिनचे पॉल रायन घेतले, विस्कॉन्सिनही गेलं. ट्रम्प यांनी २०२४ मध्ये ओहायोचे जे. डी. व्हान्स निवडले. ते राज्य तर त्यांनी आधीच दोनदा जिंकलेलं.

मग बघायचं काय? तर गावातली तूट. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया सुमारे ४४ हजार मतांनी गेलं. शहरांत डेमोक्रॅट पुढे होते, खेड्यापाड्यांत मार खाल्ला. समजा एका ग्रामीण भागात १० हजार मतं आहेत. ७०-३० ने हरलं तर तूट ४ हजारांची, ६५-३५ ने हरलं तर ३ हजारांची. हरले दोन्हीकडे, पण हजार मतं वाचली. अशा ४४ ठिकाणी वाचली की २०१६ चा खड्डा भरला.

म्हणून मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवं होतं. नेब्रास्काच्या खेड्यात वाढलेले, भूगोलाचे शिक्षक, २४ वर्षं नॅशनल गार्डमध्ये. मका-सोयाबीनच्या पट्ट्यातून ते सहा वेळा संसदेत गेले, तिथे कृषी समितीवर होते. गव्हर्नर म्हणून २०२३ मध्ये त्यांनी शाळेतल्या सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत केलं. पण २०२२ च्या निवडणुकीत त्यांच्याच राज्यातल्या बहुतेक ग्रामीण काउंटीत ते मागे पडले. नुसती टोपी घातली म्हणून शेतकरी मत देत नाही, हे तिथेही खरं.

आणि उपाध्यक्षपद म्हणजे शोभेची खुर्ची नाही. १९६३ मध्ये केनेडींची हत्या झाली आणि जॉन्सन अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये निक्सन गेले, फोर्ड आले. खुद्द हॅरिस काही दिवसांत दुसऱ्या जागेवरून पहिल्या जागेवर आल्या.

आपल्या सोयाबीनवाल्यांनीही उगाच आशा धरायला नको होती. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कमी, हे दुखणं वॉल्झ आले म्हणून जाणार नव्हतं. पण अमेरिकेचं व्यापार धोरण आपल्या बांधापर्यंत पोचतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, तेव्हा शिकागोचा भाव पडला. तिथल्या शेतकऱ्याला सरकारने अब्जावधी डॉलरची मदत दिली.

तेव्हा नाव कळल्यावर हा माणूस कुठल्या राज्याचा, एवढंच बघून थांबायला नको होतं. जिथे पक्ष हरतो त्या गावात तो जाणार का, आणि वेळ आली तर पहिली खुर्ची सांभाळणार का, हे बघायला हवं होतं.