मंचावर शाल, घरात उपेक्षा : ज्येष्ठांच्या छळाकडे आपण केव्हा पाहणार?

१४ एप्रिलला आपल्या वस्त्यावस्त्यांत ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा सत्कार होतो. ज्यांनी १९५६ साली आईवडिलांचे बोट धरून नागपूरची दीक्षाभूमी पाहिली, ज्यांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या, ज्यांनी दारोदार वर्गणी मागून विहार उभा केला, त्यांच्या खांद्यावर शाल येते. फोटो निघतो, टाळ्या वाजतात. कार्यक्रम संपला की ती आजी, ते बाबा घरी जातात. घरी त्यांच्याशी कोण बोलते, त्यांना वेळेवर जेवण मिळते का, त्यांच्या निराधार पेन्शनचे पैसे कोणाच्या हातात पडतात, हे आपल्यापैकी फार थोडे लोक विचारतात.

आम्ही काही समाजकार्यकर्ते वस्त्यांमध्ये आरोग्य आणि समुपदेशनाचे काम करतो. एका विहारात घेतलेल्या तपासणी शिबिरात सत्तरी ओलांडलेली एक आजी आली. रक्तदाब बराच वाढलेला होता. गोळ्या घेता का, असे विचारल्यावर म्हणाली, "घेते की." सोबत आलेला मुलगा फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "तीन महिने झाले गोळ्या नाहीत बाळा. पैसे पोराकडं असतात. मागितले की घरात भांडण होतं. मग मी मागतच नाही." त्या दिवशी आम्ही नोंदवहीत लिहिले : 'उच्च रक्तदाब, औषधे अनियमित.' खरे कारण लिहायला आमच्या नोंदवहीत रकानाच नव्हता.

१५ जून हा जागतिक ज्येष्ठ नागरिक छळ जागृती दिन. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०११ मध्ये या दिवसाला अधिकृत मान्यता दिली. आपल्या चळवळीच्या दिनदर्शिकेत हा दिवस अजून आलेला नाही. तो का यायला हवा, हे आम्ही येथे मांडत आहोत.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे

"मारलं नाही हो कधी," असे बहुतेक ज्येष्ठ सांगतात आणि विषय तिथेच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या मात्र व्यापक आहे. ज्या नात्यात विश्वास अपेक्षित असतो, त्या नात्यातील एखाद्या कृतीने किंवा आवश्यक ती कृती न केल्याने वृद्ध व्यक्तीला इजा किंवा त्रास झाला, तर तो छळ होय. एकदाच घडले तरी तो छळच. म्हणजे शिवीगाळ, टोमणे, पैसे काढून घेणे, अंगठा उमटवून घेणे, औषध न आणणे, महिनोन्महिने न बोलणे हे सर्व त्यात येते.

२०१७ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २८ देशांतील ५२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. साठ वर्षांवरील दर सहा व्यक्तींपैकी एकीला मागील वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागला, असे त्यातून दिसले. मानसिक छळ ११.६ टक्के, आर्थिक छळ ६.८ टक्के, दुर्लक्ष ४.२ टक्के आणि शारीरिक छळ २.६ टक्के. आपण ज्याला छळ म्हणतो ती मारहाण या यादीत बरीच खाली आहे.

भारतातील चित्र 'लासी' या सर्वेक्षणातून समजते. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षे व त्यावरील सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. त्यांपैकी ३१ हजारांहून अधिक लोक साठीच्या पुढचे होते. जानेवारी २०२१ मध्ये त्याचा अहवाल आला. मागील वर्षभरात वाईट वागणूक मिळाल्याचे सांगणाऱ्या ज्येष्ठांचे प्रमाण सुमारे ५ टक्के निघाले.

जगात दर सहांत एक आणि भारतात वीसांत एक, म्हणून आपली कुटुंबव्यवस्था किती चांगली, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. आमचे मत वेगळे आहे. दोन्हीकडचे प्रश्न आणि पद्धती सारख्या नाहीत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. दुसरे असे, की दहा बाय बाराच्या खोलीत सून, मुलगा आणि नातवंडे बसलेली असताना कोणती आजी अनोळखी माणसाला खरे सांगेल? आणि पाच टक्के हाच आकडा धरला तरी तो लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १० कोटी ३८ लाख ज्येष्ठ होते. त्यांचे पाच टक्के म्हणजे ५० लाखांहून अधिक माणसे.

छळाचा आरोग्याशी संबंध

या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा अभ्यास अमेरिकेतील न्यू हेवन शहरातला आहे. तेथील ६५ वर्षांवरील २,८१२ लोकांच्या गटाचा १९८२ पासून पाठपुरावा करण्यात आला आणि १९९८ मध्ये त्यावरचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला. तेरा वर्षांच्या शेवटी, ज्यांच्याबाबत छळाची किंवा स्वतःकडे दुर्लक्ष होण्याची कोणतीही नोंद नव्हती, त्यांच्यापैकी ४० टक्के लोक हयात होते. ज्यांचा छळ झाल्याची नोंद होती, त्यांच्यापैकी केवळ ९ टक्के हयात होते. वय, जुने आजार, हालचालीची क्षमता, नैराश्य या गोष्टींचा फरक हिशेबात घेतल्यावरही छळ झालेल्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे तिप्पट राहिला.

हे अमेरिकेतील एका शहराचे आकडे आहेत, ते जसेच्या तसे आपल्या वस्तीला लावता येणार नाहीत. पण त्यामागची कारणे आम्ही रोज पाहतो. सततच्या भीतीने झोप उडते, रक्तदाब व साखर वाढते. औषध चुकते. 'खायला भार' हे शब्द ऐकल्यावर माणूस स्वतःहून कमी जेवतो. बाहेर जाणे बंद होते आणि मग नैराश्य येते. हे चक्र उलटेही फिरते. आजार वाढला की परावलंबन वाढते, परावलंबन वाढले की घरातली चिडचिड वाढते आणि छळाचा धोका आणखी वाढतो. म्हणून डॉक्टरने फक्त गोळी बदलून भागत नाही.

जात, गरिबी आणि म्हातारपण

म्हातारपण सर्वांना सारखे येत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊ राज्यांतील आयुर्मानाची तुलना करण्यात आली. त्यात महाराष्ट्र नव्हता. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक आणि दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी आढळले. या फरकाचे संपूर्ण स्पष्टीकरण केवळ गरिबीतून मिळत नाही, असेही संशोधकांनी दाखवले. ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, गटारे साफ केली, नाक्यावर उभे राहून रोजंदारी केली, त्यांचे गुडघे आणि फुप्फुसे साठीआधीच थकतात. त्यांना भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही.

मग उरते सरकारी पेन्शन. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा २००७ पासून महिना २०० रुपयेच आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतून ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तीला दरमहा १,५०० रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. महिन्याला पावणेदोन हजार रुपये! मुलगा कंत्राटी कामावर असला तरी आई कागदोपत्री अपात्र ठरू शकते आणि प्रत्येक गोळीसाठी त्याच मुलापुढे हात पसरते. शासनाच्या अटीच ज्येष्ठांना घरातल्या माणसांवर अवलंबून ठेवतात. छळ घरात घडतो, पण त्याची काही कारणे मंत्रालयात आहेत.

याचा अर्थ मुलाला सूट द्यावी असा होत नाही. बारा तासांची पाळी करून आलेला मुलगा आणि घर, मुले, मजुरी सांभाळून सासूची शुश्रूषा करणारी सून यांचा ताण खरा आहे. त्यांना मदत मिळायला हवी. पण त्याच ताणात असलेली अनेक घरे म्हाताऱ्यांना जपतात, हेही तितकेच खरे.

धम्म काय सांगतो

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला भगवान बुद्धांना दिसला. त्याची काळजी कोणी घेत नव्हते, कारण विचारल्यावर उत्तर आले की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही. बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी त्याला आंघोळ घातली, खाटेवर निजवले आणि मग संघाला एकमेकांची शुश्रूषा करण्याची शिकवण दिली. 'उपयोगाचा नाही' हेच कारण आजही आपल्या घरांत चालते. सिगालोवाद सुत्तात आईवडिलांना पूर्व दिशा मानले आहे. त्यांनी पोसले म्हणून त्यांना पोसावे, हे मुलांचे पहिले कर्तव्य सांगितले आहे. त्याच सुत्तात आईवडिलांचीही कर्तव्ये आहेत. नाते दोन्ही बाजूंनी आहे, आंधळ्या आज्ञापालनाचे नाही. बुद्धवंदना तोंडपाठ असणाऱ्या घरात आजीला उष्टे वाढले जात असेल, तर त्या वंदनेचे काय करायचे?

"बाहेर बोलू नका, समाजाची बदनामी होईल," हेही आम्ही ऐकतो. कधी छळ करणारा स्वतः कार्यकर्ता असतो, म्हणून सगळे गप्प बसतात. अन्याय झाकून समाजाची इज्जत वाचत नाही, हे आपल्याला दुसऱ्यांना सांगायला जमते. स्वतःच्या वस्तीतही सांगावे लागेल.

कायदा आहे, पण दारात कोण नेणार?

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्यानुसार ज्येष्ठ व्यक्ती उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकते. ती स्वतः जाऊ शकत नसेल, तर तिने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाह भत्त्याचा अर्ज ९० दिवसांत निकाली काढण्याची तरतूद आहे. भत्त्याची कमाल मर्यादा महिना दहा हजार रुपये आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून दिले आणि मग सांभाळले नाही, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले.

आमचा अनुभव मात्र असा, की पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला शंभरातली एखादीच आई तयार होते. म्हणून कायदा हा शेवटचा उपाय. पहिला उपाय विहारातून सुरू व्हावा.

बौद्ध युवकांनी आपल्या वस्तीतील साठीपुढच्या प्रत्येकाची यादी करावी. महिन्यातून एकदा भेटावे आणि त्यांच्याशी एकट्याने बोलावे. पासबुक त्यांच्याच हातात आहे का, हे पाहावे. सत्तरीपुढच्या सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळण्याची सोय २०२४ च्या ऑक्टोबरपासून झाली आहे. ते कार्ड काढून द्यावे. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहावा. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, हे सांगावे. आणि शुश्रूषा करून थकलेल्या सुनेला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल, यासाठी कोणीतरी आजीजवळ बसावे.

त्या आजीच्या घरी आम्ही पुढे चार वेळा गेलो. पहिल्या दोन भेटींत मुलगा बोललाच नाही. तिसऱ्या भेटीत त्याने आपल्या कर्जाचे सांगितले, चौथ्या भेटीत पासबुक आईच्या हातात दिले. गोळ्या सुरू झाल्या. भांडणे पूर्ण थांबलेली नाहीत, म्हणून आमच्या फेऱ्याही थांबलेल्या नाहीत.

आमच्या नोंदवहीत आता एक रकाना वाढला आहे : 'घरी कशी वागणूक मिळते?' हा प्रश्न आम्ही ज्येष्ठांना एकट्याने विचारतो. तुमच्या विहाराच्या पुढच्या शिबिरातही तो विचारा.